विषय: रावेरच्या घरचा संगणक परदेशातून सुरक्षितपणे कसा उघडावा?

प्रेषक: रावेरचा, सध्या म्युनिक

नमस्कार मंडळी,

आमचे अण्णा केळीचा हिशोब आता संगणकावर ठेवतात. नवती, पिलबाग, कांदेबाग अशा केळीच्या लागवडींचे वेगळे तक्ते आहेत. कोणत्या व्यापाऱ्याने किती क्विंटल माल कापून नेला, पट्टी कधी आली, बाकी किती, सगळं त्यात असतं. मला ते तक्ते इथून पाहायचे आहेत आणि कुठे सूत्र बिघडलं तर नीट करून द्यायचं आहे. संगणक दुरुस्तीवाला मुलगा म्हणतो, राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून देतो, मग जर्मनीतून थेट स्क्रीन दिसेल. करू द्यावं का? घरी विंडोज ११ होम आणि फायबरचं कनेक्शन आहे.

प्रेषक: धुळ्याचे काका, न्यू जर्सी

राम राम भाऊ,

नको. आजच फोन करून त्याला थांबव. ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट आहे आणि तो कुठे उघडा सापडतो हे शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. २०१९ साली ब्लूकीप ही त्रुटी उघडकीस आली, तेव्हा जुन्या विंडोजमध्ये पासवर्ड न देताच शिरता येत होतं. शिवाय होम आवृत्ती रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्याला आत घेतच नाही, म्हणजे पोर्ट उघडूनही तुझं काम झालं नसतं.

आधी एक सांग, तुला स्क्रीन हवी की तक्ते? मला तरी तक्ते पुरेसे वाटतात. मग अण्णांचा अख्खा संगणक कशाला उघडायचा? एसएसएच वापर, म्हणजे दूरच्या संगणकाशी कूटबद्ध जोडणी करणारं तंत्र. त्यातच फाईलींची ने-आण करणारं एसएफटीपी येतं. फाईल इकडे घ्यायची, दुरुस्त करायची, परत ठेवायची, आणि वाटेत सगळं कूटबद्ध. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरले, त्यानंतर १९९५ साली तातू उलोनेन यांनी हे तंत्र लिहिलं. त्याआधी टेलनेट या जुन्या तंत्रात पासवर्ड उघडाच जायचा. आज बहुतेक ठिकाणी १९९९ साली आलेलं ओपनएसएसएच चालतं. ते विंडोज होममध्येही 'ऑप्शनल फीचर्स'मधून घालता येतं.

आता वाट. राउटरची सेटिंग उघड, वॅनचा (म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होतो का बघ. होत असेल तर अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला आहे आणि बाहेरून आत येता येणारच नाही. तसं असो वा नसो, माझा सल्ला एकच: घराने बाहेर यावं, आपण घरात घुसू नये. एक छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घे. घरचा संगणक एसएसएचने त्या सर्व्हरला जोडला जाईल आणि उलटा बोगदा टाकेल, म्हणजे सर्व्हरवरून घराकडे यायची वाट. तू त्याच सर्व्हरवरून पुढे उडी मारशील. ही उडी एसएसएचच्याच 'प्रॉक्सीजंप' या सोयीने मार, म्हणजे तुझं आणि घरचं बोलणं मधल्या सर्व्हरलाही वाचता येणार नाही.

पासवर्ड दोन्हीकडे बंद. एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ प्रकारची किल्ल्यांची जोडी तुझ्या लॅपटॉपवर बनव. खाजगी किल्ली लॅपटॉपबाहेर जाऊ देऊ नको आणि तिला सांकेतिक वाक्य लाव. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेव आणि घरी पाठव, ती कोणी पाहिली तरी बिघडत नाही. घरी तुझ्यासाठी साधं खातं काढ, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नको. त्या खात्याला फक्त हिशोबाचा फोल्डर दिसू दे. (अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यांच्या किल्ल्या विंडोज प्रोग्रॅमडेटा फोल्डरखालच्या एका वेगळ्या फाईलमध्ये शोधतं. यात बरेच जण अडकतात.)

घरचा संगणक सर्व्हरवर ज्या किल्लीने येतो, तिच्या सर्व्हरवरच्या 'ऑथराइज्ड-कीज' (मान्य किल्ल्यांची यादी) फाईलमधल्या ओळीत 'रिस्ट्रिक्ट', 'पोर्ट-फॉरवर्डिंग' आणि 'परमिट-लिसन' लिही. मग त्या किल्लीने उलटा बोगदा फक्त ठरवून दिलेल्या पोर्टवरच टाकता येतो.

सगळ्यात महत्त्वाचं, बोगदा आपोआप सुरू करू नको. अण्णांच्या डेस्कटॉपवर एक शॉर्टकट ठेव. त्यांनी दाबला की काळी खिडकी उघडेल आणि तुला वाट मिळेल, त्यांनी ती बंद केली की वाट बंद. हिशोब त्यांचा आहे. मुलाने कधी पाहायचा हे त्यांच्या हातात राहू दे.

प्रेषक: भुसावळची ताई, सिंगापूर

काकांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा जोरदार पाठिंबा. आपले आई-वडील तिथे एकटे असतात आणि 'बँकेतून बोलतोय, हे अ‍ॅप टाका' असे फोन त्यांना येतात. स्क्रीन ताब्यात देणाऱ्या अशाच एका अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये इशारा दिला होता. 'मुलगा पण असंच करतो' ही सवय त्यांना आपणच लावायची नाही. दादा, अण्णांना सांगून ठेव की शॉर्टकट दाबायला फक्त तू सांगशील, तेही तुझ्या आवाजात, व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर नाही.

अजून एक. आपल्याकडे लाईट अचानक जाते. घरचा संगणक बंद पडला तरी सर्व्हरला वाटतं तो अजून जोडलेलाच आहे, आणि तो पोर्ट अडकून बसतो. लाईट आल्यावर अण्णांनी शॉर्टकट दाबला तरी बोगदा लागत नाही, खिडकी मात्र उघडी दिसते. म्हणून सर्व्हरवर 'क्लायंट-अलाईव्ह-इंटरव्हल' ३० सेकंद ठेव, म्हणजे मेलेली जोडणी दीड-दोन मिनिटांत सुटते. घरच्या बाजूला 'एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर' चालू ठेव, म्हणजे बोगदा लागला नाही तर खिडकी लगेच बंद होईल आणि अण्णांना कळेल की पुन्हा दाबायचं आहे.

प्रेषक: रावेरचा, सध्या म्युनिक

काका, ताई, मनापासून आभार. पत्ता १००.७२ ने सुरू होतो, म्हणजे तुमच्या वाटेनेच जावं लागेल. तक्ते पुरेत, स्क्रीन नको. पोर्टचं काम थांबवलं.

दोन शंका आहेत. पहिल्यांदा जोडताना 'या यंत्राची ओळख पटत नाही, पुढे जायचं का' असं विचारतात म्हणे, तिथे सरळ 'येस' म्हणायचं का? आणि माझा लॅपटॉप चोरीला गेला तर आते काय करानं?

प्रेषक: धुळ्याचे काका, न्यू जर्सी

डोळे मिटून 'येस' मुळीच नाही. त्या प्रश्नासोबत एसएचए२५६ ने सुरू होणारी एक ओळ दिसते, तो त्या यंत्राचा ठसा. मध्ये कोणी बसला असेल तर ठसा वेगळा येतो. घरी तुझ्या पुतण्याला प्रोग्रॅमडेटातल्या एसएसएच फोल्डरमध्ये जायला सांग. तिथल्या यंत्राच्या सार्वजनिक किल्लीवर तो एसएसएच-कीजेनने ठसा काढेल. मग फोनवर अक्षर-अक्षर वाचून घे, कॅपिटल आणि स्मॉल वेगळं बोलायला लाव. सगळं जुळलं तरच 'येस'. सर्व्हरचा ठसाही तसाच तपास, तो भाड्याच्या खात्याच्या कन्सोलमध्ये मिळेल. पुढे कधी ठसा बदलल्याचा इशारा आला आणि घरी कोणी विंडोज नव्याने टाकलेलं नसेल, तर जोडू नको, आधी फोन कर.

लॅपटॉप गेला तर सर्व्हरवरच्या आणि घरच्या 'ऑथराइज्ड-कीज' फाईलमधून तुझ्या किल्लीची ओळ काढायची, बस. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी कोणाची, कोणत्या यंत्राची, कोणत्या महिन्यातली हे आत्ताच लिहून ठेव. ती ओळ कशी काढायची ते पुतण्याला या रविवारीच एकदा करून दाखव.