मदत हवी आहे : जपानी इंपोर्ट व्हॅन, कँपर केलेली, इन्शुरन्स परवडेना (इंग्लंड)

घरकोंबडा
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून इथे लिहितोय. गेल्या महिन्यात एक टोयोटा व्हॅन घेतली. जपानी इंपोर्ट आहे, मागे बेड आणि छोटा ओटा करून घेतलाय. विम्याच्या कंपेरिझन साइटवर नंबर टाकला की गाडी सापडतच नाही, सापडलीच तर 'टोयोटा, मॉडेल अज्ञात' असं येतं. सगळं हाताने भरलं की एक तर 'क्षमस्व', नाही तर आकडा असा की वाटतं गाडी विकून टाकावी. सगळ्यात कमी आलेला कोट २,३४० पाउंड! माझ्या रोजच्या गाडीला याच्या तिसरा हिस्साही पडत नाही. व्हॅन सॉर्न करून (म्हणजे रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवून) ड्राइव्हवेवर उभी आहे, मुलांच्या सुट्ट्या तीन आठवड्यांवर आल्यात. स्वस्तात कोण देतं त्याचं फक्त नाव सांगा. 'मुळात घेतलीच कशाला' हे घरी ऐकून झालंय.

गुळपोळी
टोयोटा म्हणजे कुठली? साल? इंजिन? लॉगबुकात (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) बॉडी टाइप काय आहे? अहो, एवढं तरी सांगा.

घरकोंबडा
अल्फार्ड हो, अजून कुठली असणार! २००६, पेट्रोल २.४. लॉगबुक बघून सांगतो.

पाना_पक्कड
नंबर टाकून सापडत नाही यात नवल नाही. अल्फार्ड टोयोटाने ब्रिटनमध्ये कधी विकलीच नाही, त्यामुळे साइटच्या यादीत तिचा पत्ता नसतो. जपानच्या घरच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला १७ अक्षरी व्हिनही (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो. तिचा फ्रेम नंबर आखूड, तुमचा बहुतेक 'एएनएच१०'ने सुरू होत असेल. ऑनलाइन फॉर्मची रकाना भरायची पद्धत आणि ही गाडी यांचं जमत नाही. त्यात तिकडून आलेला इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्र) थॅचमच्या, म्हणजे विम्यासाठी गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या, यादीतला नसतो, म्हणजे फॉर्मच्या दृष्टीने गाडीला सुरक्षाच नाही. थॅचममान्य ट्रॅकर बसवून घ्या, मग बोला. मी दोन अल्फार्ड आणि एक माझदा बाँगो सांभाळलीय, अनुभवाने सांगतो.

रातकिडा
पेट्रोल २००६ म्हणजे युलेझचं (लंडनमधल्या प्रदूषण-शुल्काचं) बघितलंत का? लंडनमध्ये २९ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या बरोंमध्ये (विभागांमध्ये) लागू आहे, नियमात बसली नाही तर दिवसाला साडेबारा पाउंड. इंपोर्ट गाडीच्या कागदांवर युरो ४ वगैरे काही नसतं. नॉक्सचा (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा) आकडा ०.०८ ग्रॅम प्रति किलोमीटरच्या आत आहे हे कागदाने सिद्ध करावं लागतं. माझ्या मेव्हण्याला त्यासाठी चार महिने पत्रव्यवहार करावा लागला.

घरकोंबडा
मी लेस्टरला राहतो. युलेझ विचारलं नव्हतं.

रातकिडा
कधी ना कधी लंडनला जालच की!

घरकोंबडा
लॉगबुक सापडलं. डी.५ मध्ये 'एमपीव्ही' (जास्त सीटची कौटुंबिक गाडी) लिहिलंय. हे बदलून 'मोटर कॅरॅव्हॅन' केलं की प्रीमियम उतरतो असं गॅरेजवाला म्हणाला होता. तसं असेल तर उद्याच पाठवतो.

उंटावरून
तेच तर सांगायचं होतं! आधी ते करून घ्या. आम्ही केलं आणि सरळ कँपरचा इन्शुरन्स मिळाला. कँपरवाले लोक सावकाश चालवतात, रोज ऑफिसला नेत नाहीत, म्हणून दर कमी. तुमचं रूफ उचलतं का? मग झालंच काम.

पाना_पक्कड
उंटावरून, तुमचं कधी झालं? २०१९ च्या आधी झालं असणार. आता डीव्हीएलए (गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) बाहेरून गाडी कशी दिसते ते बघतं. एका बाजूला किमान दोन खिडक्या, वेगळं दार, कँपरसारखी ग्राफिक्स, कापडी छत लावायचा ऑनिंग बार, उंच छप्पर असं हवं. पॉप-टॉप म्हणजे उचलणारं रूफ त्यात धरत नाहीत, कायमचं उंच लागतं. आत बेड, टेबल, शेगडी, कपाट सगळं असूनही बाहेरून साधी एमपीव्ही दिसत असेल तर स्वॅन्सीहून, म्हणजे डीव्हीएलएच्या ऑफिसातून, नकार येतो. पोलिसांना रस्त्यात गाडी ओळखता यावी हा त्यांचा हेतू, तुमचा प्रीमियम त्यांच्या खिजगणतीतही नाही.

उंटावरून
पण कॅरॅव्हॅन नोंद नसेल तर ड्युअल कॅरेजवेवर (मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर) ७० मैलांऐवजी ६० चीच मर्यादा असते. कॅमेऱ्यात अडकाल.

पाना_पक्कड
ती मर्यादा मालवाहू व्हॅनला. ट्रान्झिट घेऊन कँपर केली आणि नोंद 'पॅनेल व्हॅन'च राहिली तर साध्या रस्त्यावर ५० आणि ड्युअल कॅरेजवेवर ६०. अल्फार्ड मुळातच आठ सीटची प्रवासी गाडी आहे, तिला कारचे नियम. उगाच घाबरवू नका.

उंटावरून
घाबरवत नाहीये, माहिती देतोय. सगळ्यांनाच सगळं माहीत नसतं.

सह्याद्रीप्रेमी
आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकारच ठरवतं, हे असले प्रश्नच येत नाहीत. माझ्या ओम्नीच्या मागच्या सीट काढून मी गादी टाकलीय, मस्त कोकण फिरतो. कुणाला फोटो हवेत का?

गुळपोळी
फोटो टाका, पण वेगळ्या धाग्यात. आणि सीट काढल्याचं आरसी आणि पॉलिसीत चढवलंय का तेही तिकडेच सांगा :)
घरकोंबडा, नोंद बदलली नाही म्हणून अडत नाही. काही कंपन्या अट घालतात, पण पुष्कळ जणी फोटो बघून कँपर मान्य करतात. फक्त फोनवर बोलावं लागतं.

घरकोंबडा
फोनवर पाऊण पाऊण तास गाणी ऐकत बसायला वेळ नाही हो. मी म्हणतो, लॉगबुकात एमपीव्ही आहे ना? मग एमपीव्ही म्हणूनच विमा घेतो. ओट्याचं सांगायचंच नाही. मागे काय ठेवलंय ते कोण बघायला येतंय?

हळदीकुंकू
आम्ही नेमकं हेच केलं होतं, म्हणून लिहिते. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये यांनी गाडी खांबाला घासली, सरकतं दार आत गेलं. क्लेम केला. इंजिनियर आला, दार उघडेना म्हणून मागून आत वाकला आणि त्याला सिंक दिसलं. तो एक शब्द बोलला नाही. नळ उघडून बघितला, पाणी आलं, बंद केला आणि फोटो काढायला लागला. क्लेम गेलाच, पण पॉलिसीही रद्द झाली. खरं दुखणं पुढे आहे. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर 'तुमचा विमा कधी कुणी रद्द केला आहे का' या प्रश्नाला 'हो' लिहावं लागतं. माझ्या साध्या फिएस्टाचा प्रीमियमसुद्धा त्याने वाढला. ते दार चौदाशे पाउंडांत झालं असतं.

नाकासमोर
ताईंशी सहमत. यामागे २०१२ चा ग्राहक विमा कायदा आहे. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं वाजवी काळजी घेऊन खरी द्यायची, एवढीच आपली जबाबदारी. चूक निष्काळजीपणाची असेल तर प्रमाणात पैसे कापू शकतात. म्हणजे प्रीमियम १,००० हवा होता आणि तुम्ही ५०० भरले, तर क्लेमचे निम्मे. पण जाणूनबुजून लपवलं तर पॉलिसीच रद्द, आणि भरलेला प्रीमियमही कंपनी ठेवू शकते. तुम्ही तर इथे लेखीच कबूल केलंत की लपवणार आहात.

घरकोंबडा
बरं बरं, नाही लपवत. चिडून लिहिलं.

खारीचा_वाटा
मला वेगळंच वाटतंय. इंपोर्ट, कँपर सगळं धरूनही २,३४० जास्त आहेत. तुमचं वय, लायसन्स किती वर्षांचं, एनसीबी (नो क्लेम बोनस) किती, आणि गाडी कोण कोण चालवणार? हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही.

घरकोंबडा
त्याचा काय संबंध? प्रश्न गाडीचा आहे. असो. वय ३८. भारतात १६ वर्षं चालवलीय, एक ओरखडा नाही. इथलं लायसन्स १४ महिन्यांपूर्वी मिळालं. एनसीबी एक वर्ष, तो छोट्या गाडीला लावलाय. चालवणार मी, बायको आणि पुतण्या. पुतण्या एम.एस्सी.साठी आलाय, आमच्याकडेच राहतो. २२ वर्षांचा आहे, लायसन्स भारतातलं. तो आपला अधूनमधून चालवेल.

खारीचा_वाटा
😀 दादा, तुमची व्हॅन बिचारी उगाच बदनाम झाली.

गुळपोळी
बावीस वर्षांचा, परदेशी लायसन्स, इंपोर्ट गाडी. कोट आला हेच नशीब.

नाकासमोर
आणि खरं सांगा, जास्त कोण चालवणार? तरुणाला स्वस्तात बसवण्यासाठी काकाला मुख्य चालक दाखवणं याला इथे फ्रंटिंग म्हणतात, ती फसवणूक धरली जाते.

घरकोंबडा
अहो, मी कुठे काय दाखवतोय? तो बसने कॉलेजला जातो! वहिनीला शब्द दिला होता की पोराला गाडी चालवायला मिळेल, म्हणून नाव घातलं. तुम्ही तर मला चोरच ठरवलंत.

नाकासमोर
चोर म्हटलं नाही. विचारलं. कंपनीही हेच विचारेल, माझ्याइतक्या प्रेमाने नाही.

खारीचा_वाटा
भांडू नका. घरकोंबडा, दोन गोष्टी करा. पुतण्याचं नाव काढून तोच फॉर्म पुन्हा भरा. आणि भारताचं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, आपल्याला नव्याने परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे फॉर्मवर तुम्ही 'सव्वा वर्षाचे चालक' दिसता. काही ब्रोकर भारतातली वर्षं आणि तिथल्या विमा कंपनीचं नो क्लेमचं पत्र विचारात घेतात. ते फक्त फोनवर. एकच एनसीबी दोन गाड्यांना लागत नाही, पण दुसऱ्या गाडीसाठी 'मिरर' करून (म्हणजे तीच वर्षं तिथेही धरून) देता का असं विचारायचं. पुतण्याचं म्हणाल तर भारतीय लायसन्सवर त्याला इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं. वहिनींना तेच कारण सांगा.

रातकिडा
आणि कोट पॉलिसी सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी काढा. आदल्या दिवशी काढला की भाव चढतो, मी दर वर्षी बघतो.

गुळपोळी
रातकिडा, या वेळी विषयाला धरून बोललात, नोंद घेतली आहे.
ब्रोकर कुठे शोधायचा तर ब्रोकरांची संघटना आहे, 'बीबा'. त्यांना फोन केला की अशा गाड्यांचं काम करणाऱ्याचं नाव देतात. 'ॲग्रीड व्हॅल्यू' (गाडीची आधीच ठरवलेली किंमत) मागायला विसरू नका. नाही तर गाडी गेली की ते जुन्या एमपीव्हीचा बाजारभाव देतील, ओटा-बेडचा खर्च पाण्यात. त्यासाठी कामाची बिलं आणि फोटो लागतात.

घरकोंबडा (चार दिवसांनी)
अपडेट. पुतण्याला काढलं, तोच फॉर्म, १,२६० आला. म्हणजे पोराचे हजार पाउंड होते. बीबाकडून नंबर घेतला, एका ब्रोकरबाईंशी बोललो. (गाणी फक्त सहा मिनिटं.) भारतातल्या कंपनीचं पत्र भावाकडून मागवून ईमेल केलं, ट्रॅकर बसवायचं कबूल केलं, वर्षाला ५,००० मैल. कोट ८७०, ॲग्रीड व्हॅल्यूसकट. नोंद एमपीव्हीच राहणार, त्यांना चालतंय. हप्त्यांवर व्याज लागतं म्हणून एकदम भरतोय.
एकच अडलंय. फोटो मागितले होते: चार बाहेरून, ओटा, बेड, सीटबेल्ट, गॅसचं कपाट. पाठवले. बाईंचा पुन्हा फोन आला, म्हणाल्या, बाकी सगळं ठीक, पण सिलिंडरला ते जांभळं काय गुंडाळलंय? गॅरेजवाल्याने पट्टा लावलाच नव्हता. सिलिंडर हलत होता म्हणून मी घरात सापडली ती ओढणी बांधली होती. आता धातूचा क्लँप लावून नवा फोटो पाठवल्याशिवाय पॉलिसी सुरू होणार नाही. असा क्लँप तयार मिळतो का?

पाना_पक्कड
मिळतो, कँपिंगच्या दुकानात सिलिंडरच्या मापाचा घ्या. कपाटाला तळाशी गॅस बाहेर पडायला भोक आहे का तेही बघा, गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावा. हे विमेवालीने नाही विचारलं तरी करा.

हळदीकुंकू
ओढणी कुणाची होती?

घरकोंबडा
बायको आत्ता मागे उभी राहून धागा वाचतेय. तिला आत्ताच कळलं. क्लँप आणायला निघतो.