टायसनचा ‘समायोजित’ नफा कुणाला पटतो?

ताळेबंद्या:
काल ‘भागधारक’ यांनी लिहिलं, टायसन फूड्स या अमेरिकन मांस कंपनीचं 2023 चं आर्थिक वर्ष वाटतं तितकं वाईट नाही, समायोजित (म्हणजे ‘एकवेळचे’ खर्च वगळलेले) आकडे बघा. बघितले. परिचालन तोटा 39.5 कोटी डॉलर, आणि ‘समायोजित’ केल्यावर चक्क 93.3 कोटी नफा! मधली मोठी रक्कम म्हणजे 78.1 कोटींचं निर्लेखित गुडविल, म्हणजे कंपन्या विकत घेताना त्यांच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली आणि आता बुडीत धरलेली रक्कम. ते म्हणे नॉन-कॅश, रोख काही गेली नाही, सोडून द्या. अहो, गुडविल काय आभाळातून पडतं? 2001 ला आयबीपी, 2014 ला हिलशायर, 2018 ला कीस्टोन या कंपन्या घेताना पैसेच मोजले ना? खरेदी करताना ‘दूरदृष्टी’ आणि बुडाल्यावर ‘एकवेळचा खर्च’.

भागधारक:
दोन्ही आकडे एकाच पत्रकात आहेत, शेजारी ताळमेळाचा तक्ता आहे. एसईसीचा, अमेरिकन शेअर बाजाराच्या नियामकाचा, नियमच आहे तो. लपवलं काय? ज्याला वाचायचं नाही त्याला सगळंच लपवलेलं वाटतं.

जुना ऑडिटर:
गुडविलवर काय भांडता, गंमत साठ्याच्या टिपेत आहे. टायसन ‘गॅप’ या अमेरिकन हिशोब-नियमांवर चालणारी, तिची जिवंत जनावरं खर्चाच्या हिशोबाने धरतात. ब्राझीलची मांस कंपनी जेबीएस ‘आयएफआरएस’ या आंतरराष्ट्रीय नियमांवर, तिथे जिवंत जनावरं म्हणजे ‘जैविक मालमत्ता’, तिचे वेगळे नियम. आणि पिल्ग्रिम्स प्राइड ही अमेरिकन चिकन कंपनी बहुतांश जेबीएसच्याच मालकीची! कोंबडी तीच, कंपनीच्या वहीत एका नियमाने, मालकाच्या वहीत दुसऱ्या.
एका पोल्ट्री कंपनीच्या ऑडिटला होतो तेव्हा साहेबांना विचारलं, कोंबड्या मोजायच्या कशा? रोगाच्या भीतीने शेडमध्ये सोडत नव्हतेच. आलेली पिल्लं वजा मेलेली, झाला साठा. मेलेली किती, हे तरी कोण बघायला गेलंय!

ओझार्कवासी:
शेडचा विषय निघालाच आहे तर विचारते. कोंबडी कंपनीची, खाद्य कंपनीचं, ते साठ्यात दिसतं. शेड कुणाची? कंपनीसाठी करारावर कोंबड्या वाढवणाऱ्या कुक्कुटपालकाची. त्यावरचं कर्ज? पालकाचं, जमीन तारण ठेवून. ते कंपनीच्या कुठल्या टिपेत दिसतं? 2023 मध्ये टायसनने चिकनचे सहा कारखाने बंद करायचं ठरवलं, त्यात मिझुरी राज्यातल्या डेक्स्टर आणि नोएल गावांतले. कंपनीचा आकडा आला ‘कारखाना बंद खर्च’ म्हणून.
आमच्या शेजाऱ्यांचं सांगते. त्यांची कंपनी वेगळी, पण गोष्ट हीच. पिल्लं यायची थांबली, बँकेचा हप्ता थांबला नाही. त्या लांबलचक शेडमध्ये दुसरं करणार काय? लग्नाचा हॉल?

भागधारक:
ताई, वाईट वाटतं, पण दुसऱ्याचं कर्ज कंपनीने स्वतःच्या ताळेबंदात का दाखवायचं? करार वाचून सही केली होती ना? शिवाय फेब्रुवारी 2024 पासून कुक्कुटपालकांना करारापूर्वी माहिती देणं अमेरिकेत बंधनकारक आहे.

ओझार्कवासी:
म्हणजे दिली जात नव्हती, म्हणूनच नियम आला! पालकांच्या मोबदल्याची तऱ्हा ठाऊक आहे का? गटातल्या इतरांपेक्षा कमी खाद्यात जास्त वजन काढलं तर जास्त पैसे. पिल्लं आणि खाद्य मात्र कंपनी देईल तेच. रोगट पिल्लं आली की तुमचा नंबर शेवटचा. ‘करार वाचून’ म्हणे.

ताळेबंद्या:
धागा माझा, विषय गुडविल! पालकांसाठी वेगळा धागा काढा.

ओझार्कवासी:
काढते. तोही तुम्ही ‘समायोजित’ करून वगळाल.

जुना ऑडिटर:
😄 भागधारकसाहेब, तुमच्या शेअरला एक मत, टायसन कुटुंबाच्या ब वर्गाच्या शेअरला दहा. कुणाची वकिली करताय?

भागधारक:
लाभांश येतोय तोवर मताचं लोणचं घालायचंय का? आणि 2021 मध्ये, ब्रॉयलरच्या किमती संगनमताने वाढवल्याच्या खटल्यात, तडजोडीचे 22.15 कोटी डॉलर कंपनीने जाहीर केलेच ना?

ताळेबंद्या:
केले. आणि तेही समायोजनात वगळले. कोंबडी विकणाऱ्या कंपनीला कोंबडीच्या किमतीवरून झालेला खटला ‘नेहमीच्या धंद्याबाहेरचा’ कसा, एवढं सांगा.

भागधारक:
बरं, खटल्यांपुरतं मान्य, घ्या आनंद. गुडविलवर मी हटणार नाही.