मदत हवी आहे: उद्यमबागेतून केलेल्या फोनचं उत्तर खानापूरच्या कँटीनमध्ये वाजतं

कोअरबॉक्स

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघतो. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद एकदा मीच काढला होता, तेव्हापासून कॉम्प्युटर आणि फोनही माझ्याच गळ्यात आहेत.

आमच्या तीन जागा. उद्यमबागेत फौंड्री, खानापुरात पॅटर्नचं (साचे करायच्या नमुन्यांचं) गोदाम आणि छोटी मशीन शॉप, आणि वेंगुर्ला रस्त्याला बाची ओलांडली की शिनोळीत, म्हणजे महाराष्ट्रात, डिस्पॅच. तिन्हीकडे जुन्या कॉम्प्युटरवर फ्रीपीबीएक्स, म्हणजे ऑफिसच्या फोनांचं एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर, घातलंय. उद्यमबाग आणि खानापूर आधी आपापलं सुटं चालायचं, त्यामुळे दोन्हीकडे नंबर १०१ पासून सुरू. परवा मालक म्हणाले, "आतल्या आत लागू दे की, मोबाईल कशाला?" मग मी ट्रंक, म्हणजे एका एक्स्चेंजवरून दुसऱ्याकडे कॉल नेणाऱ्या वाटा, जोडल्या. इकडून खानापूर हवं तर आधी २ लावायचा, २१०६ दाबलं की २ गळतो आणि तिकडे १०६ वाजतो. तिकडून इकडे यायला ८. शिनोळीला ३०१ ते ३१०. खानापूर आणि शिनोळी एकमेकांशी थेट जोडलेले नाहीत, सगळं उद्यमबागेवरून जातं.

आता दुखणी ऐका. माझा नंबर १०४. मी खानापूरच्या पॅटर्नवाल्याला लावला, त्याने उचलला नाही. त्याच्या फोनवर मिस्ड कॉल दिसला: १०४. त्याने तोच दाबला. खानापूरचा १०४ कँटीनमध्ये आहे. इकडे मोल्डिंगवाले हात बांधून उभे, आणि हा तिकडे कँटीनवाल्याला विचारालाय, "कुठला पॅटर्न पायजे गा?" तो म्हणाला, "पॅटर्न नको, गॅसचा सिलिंडर पाठव."

शिनोळीची तऱ्हा निराळी. ते आम्हाला लावतात तेव्हा वाजतो, उचलला की दोन्हीकडे मुकं. "आवाज येईना की" हेसुद्धा त्यांना मोबाईलवरून सांगावं लागतं. थोड्या वेळाने आपोआप तुटतो. घड्याळ लावून बघितलं, दर वेळी ३२ सेकंद. आम्ही त्यांना लावला तर वाजतच नाही.

त्यात सोमवारी खानापुरात कुणीतरी चुकून १४७ दाबला. असा नंबर कुठेच नाही. पण उद्यमबागेतल्या सर्व्हरचा पंखा गिरणीसारखा घुमायला लागला आणि दोन्हीकडच्या सगळ्या लाइनी भरल्या. वायर उपटली तेव्हा थांबलं.

आणि सॉफ्टफोनवरून (फोनचं काम करणाऱ्या अ‍ॅपवरून) लिहिलेले मेसेज एकाच सर्व्हरवर जातात, पलीकडे जात नाहीत. पॅटर्नचा नंबर तोंडी सांगितला की चार आणि सात हमखास उलटे होतात, म्हणून मेसेज हवेच आहेत. कुठून सुरुवात करू?

अर्धा कप

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा. संपलं.

कोअरबॉक्स

आहे की. त्यात सकाळी सुप्रभात आणि दुपारी मिसळीचे फोटो येतात. पॅटर्न त्याखाली गाडला जातो.

सर्व्हरवाला सांगलीकर

३२ सेकंद मोजलेत हे फार बरं केलंत, अर्धं निदान तिथेच झालं. तुमच्या फोनांची भाषा सिप. २००२ साली ठरलेल्या तिच्या नियमांत टी-वन नावाचा काळ आहे, नेहमीच्या मांडणीत अर्धा सेकंद. समोरच्याने फोन उचलला की त्याचा सर्व्हर 'उचलला' असं कळवतो आणि पलीकडून 'कळलं' अशी पोच येण्याची वाट बघतो. पोच नाही आली तर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो, आणि टी-वनच्या ६४ पटीला, म्हणजे ३२ सेकंदांना, कंटाळून फोन ठेवतो. तेव्हा शिनोळीची पोच भलतीकडे जातेय. आवाजाचं तेच: तो कुठल्या पत्त्यावर पाठवायचा हेही त्याच निरोपांच्या पोटात लिहिलेलं असतं.

दोन गोष्टी बघून सांगा. तिन्ही जागांचे आतले आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, काय आहेत? आणि शिनोळीच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी काय दिसतो?

कोअरबॉक्स

उद्यमबागेत १९२.१६८.१ ची मालिका, सर्व्हर तिचा १०. बाहेरचा आयपी कायमचा घेतलाय. खानापुरात १९२.१६८.२, आणि या दोघांत राउटरचा जुना व्हीपीएन (इंटरनेटवरून काढलेली खासगी वाट) आहे. शिनोळीत राउटर आला तसाच लावलाय, म्हणजे तिथेही १९२.१६८.१. वॅनला १००.७२ ने सुरू होणारं काहीतरी आहे.

सर्व्हरवाला सांगलीकर

शिनोळीत १९२.१६८.१.१० वर काय बसलंय बघा बरं.

कोअरबॉक्स

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा!

सर्व्हरवाला सांगलीकर

मग तुमच्या पोचपावत्या त्या डब्याच्या दारात पडतायत. उद्यमबागेचा सर्व्हर निरोपात स्वतःचा घरातला पत्ता लिहून देतोय, कारण बाहेरचा पत्ता त्याला कुणी सांगितलेलाच नाही. शिनोळी भाबडेपणाने तोच पत्ता आपल्याच घरात शोधते. कँटीनची गोष्ट इथे दुसऱ्यांदा घडतेय, इतकंच.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट देणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. एकच खरा पत्ता ते अनेक गिऱ्हाइकांत वाटतात. त्यामुळे शिनोळीत पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आतल्या मशीनकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून कुणी आत शिरत नाही, म्हणून तुमचा फोन तिथे वाजत नाही. त्यावर वेळ घालवू नका. आधी शिनोळीची मालिका १९२.१६८.३ करा. मग शिनोळीकडून उद्यमबागेला वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढा. हाक शिनोळीने मारायची, कारण पक्का पत्ता तुमच्याकडे आहे. कीपअलाइव्ह, म्हणजे बोगदा जागा ठेवणारी हाक, दर २५ सेकंदांना ठेवा, नाहीतर गप्प बसलेला बोगदा मधला राउटर विसरतो. शेवटी फ्रीपीबीएक्सच्या सिप सेटिंगमध्ये लोकल नेटवर्क म्हणून तिन्ही मालिका आणि बोगद्याची मालिका लिहा. राउटरमध्ये सिप एएलजी (सिपच्या निरोपांतले पत्ते परस्पर बदलणारी सोय) असेल तर बंद. आणि बोगदा चालला की सिपचं ५०६० पोर्ट जगासाठी उघडं ठेवू नका, रात्रंदिवस कुणी ना कुणी ते ठोठावत असतं.

तांबडी माती

मी खानापूर तालुक्यातलीच. सांगलीकरांनी रस्ते दुरुस्त केले, पण घरांचे नंबर चुकलेत तोवर टपाल चुकणारच. आगाऊ २ लावून पुढे गाळायचा हा प्रकार आजच बंद करा. १०४ हद्द ओलांडतो आणि आपलं गाव मागे विसरतो. मेसेज जोडलेत तर तेच होईल, उत्तर पुन्हा कँटीनला. चार आकडी करा: उद्यमबाग ११०१ पासून, खानापूर २१०१, शिनोळी ३१०१. पहिला आकडा म्हणजे गाव, आणि तो कुठेही गाळायचा नाही. मग मिस्ड कॉलवर ११०४ दिसेल आणि तोच दाबला की बरोबर तुमच्याकडे येईल.

दुसरं एक, जे तुम्ही विचारलंच नाही. १०१ म्हणजे अग्निशमन, १०८ म्हणजे रुग्णवाहिका, ११२ सगळ्यांसाठी. भट्टी असलेल्या जागेत तुमचा १०१ कुणाच्या टेबलावर आहे?

कोअरबॉक्स

मालकांच्या. आणि १०८ स्टोअरमध्ये. आता हसू की रडू?

तांबडी माती

आधी बदला, मग हसा. शिनोळीच्या फोनांवरून ११२ बेळगावच्या लाइनीने बाहेर पडेल असंही ठेवू नका. मदत महाराष्ट्रातून हवी आणि हाक कर्नाटकात जायची. तिथे भिंतीवर लिहा: आग, अपघात, मोबाईलवरूनच. एकूणच शिनोळीचे कॉल तुमच्या ०८३१ च्या लाइनीवरून बाहेर सोडायचा मोह आवरा. नियमांचं ते प्रकरण वेगळं आहे, लाइन देणाऱ्याकडून लेखी घेतल्याशिवाय त्यात हात घालू नये.

१४७ चं कारण तुमच्या रूटच्या, म्हणजे कुठला नंबर कुठे पाठवायचा त्याच्या, यादीत तळाशी सापडेल. "जे ओळखीचं नाही ते समोरच्याला द्या" असं दोन्हीकडे लिहिलंय का?

कोअरबॉक्स

हो. मला वाटलं कुणाला तरी माहीत असेल.

तांबडी माती

दोघे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत राहिले. सिपमध्ये असे हेलपाटे मोजायची सोय आहे, साधारण ७० ला थांबवतात, पण अ‍ॅस्टरिस्क (फ्रीपीबीएक्सच्या पोटातलं इंजिन) मध्ये बसून प्रत्येक वेळी नवा कॉल काढतो, तेव्हा त्या मोजणीच्या भरवशावर राहू नका. तो रूट दोन्हीकडून पुसा. खानापूर आणि शिनोळीत ट्रंकवरून आलेल्या कॉलसाठी वेगळा कॉन्टेक्स्ट (कॉलला कुठे कुठे जाता येतं ती यादी) करा, त्यात फक्त आपले नंबर. आपला नसेल तर सरळ नकार. उद्यमबाग मधलं ठाणं, तिथे दोन कॉन्टेक्स्ट लागतील. खानापूरहून आलेल्याला १ आणि ३ ची दारं उघडी, २ चं बंद. शिनोळीहून आलेल्याला १ आणि २ उघडी, ३ चं बंद. ज्या दाराने आला त्याच दाराने कॉल परत जायचा नाही, आणि बाहेरच्या लाइनीचं दार दोघांनाही बंद.

अर्धा कप

एवढ्या भानगडीपेक्षा आयएएक्सच्या, म्हणजे सिपऐवजी दुसऱ्या भाषेच्या, ट्रंक लावा की. आवाज आणि निरोप दोन्ही एकाच ४५६९ पोर्टवरून जातात.

सर्व्हरवाला सांगलीकर

नुसते कॉल असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण यांना कॉल चालू नसतानाचे मेसेज हवेत, आणि अ‍ॅस्टरिस्कचं मेसेजसेंड (मेसेज पाठवायची आज्ञा) ते सिपवरून नेतं, आयएएक्सवरून नाही. कोअरबॉक्स, कस्टम डायलप्लॅनच्या (कुठला नंबर कुठे जायचा हे स्वतः लिहायच्या) फाइलमध्ये मेसेजसाठी वेगळा कॉन्टेक्स्ट लिहा. नंबर २ ने सुरू झाला तर खानापूरच्या ट्रंकवर, ३ ने झाला तर शिनोळीच्या, आपला असेल तर थेट फोनला. एंडपॉइंटच्या, म्हणजे प्रत्येक फोनच्या, मेसेज कॉन्टेक्स्टमध्ये त्याचं नाव द्या, ट्रंकच्याही. पाठवणाऱ्याचा नंबर चारही आकड्यांनिशी पुढे जातोय ना, तेवढं लॉगमध्ये डोळ्यांनी बघा.

कोअरबॉक्स

रविवारी भट्टी बंद होती, दिवसभर बसलो. शिनोळीची मालिका बदलल्यावर आधी कॅमेरेच गेले, त्याच्या शिव्या वेगळ्या खाल्ल्या. बोगदा मात्र पहिल्या फटक्यात लागला. संध्याकाळी शिनोळीचा वॉचमन आणि मी अकरा मिनिटं पावसावर बोललो, निव्वळ तुटतो का बघायला. नाही तुटला. २१४७ दाबून बघितला, "नंबर अस्तित्वात नाही" एवढंच म्हणाला आणि गप्प. मालकांचा आता ११०१, ते म्हणतात एक आकडा वाढवून काय मिळवलंस. १०१ चं सांगितलं तेव्हा गप्प झाले.

पॅटर्नवाल्याला मेसेजही गेला. उत्तर आलं, "कुठला? ४७ की ७४?" ते माझ्याकडेच आलं, कँटीनला नाही.

एक राहिलंय. मंगळवारी खानापुरात वीज गेली, तेव्हा पाठवलेले तीन मेसेज नंतरही पोचले नाहीत. लॉगमध्ये मेसेजसेंडचा निकाल फेल्युअर दिसतो आणि विषय तिथेच संपतो. फोन परत जोडला जाईपर्यंत मेसेज उद्यमबागेत साठवून ठेवायची सोय कुणी केली आहे का?