तोट्यातली कंपनी, संशोधनाचा खर्च आणि लाभांश: इंटेलच्या निमित्ताने

प्रश्न
संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेल या अमेरिकी कंपनीने १९९२ पासून दिला जाणारा लाभांश (भागधारकांना मिळणारा नफ्याचा वाटा) २०२४ च्या चौथ्या तिमाहीपासून स्थगित केला. त्या वर्षी कंपनीला सुमारे १८.८ अब्ज डॉलरचा निव्वळ तोटा झाला, संशोधन व विकासावर मात्र सुमारे १६.५ अब्ज खर्च झाले. मग भागधारकांचा वाटा संशोधनाने खाल्ला असे म्हणावे का? आणि तोट्यातल्या कंपनीला लाभांश देताच येत नाही, हे खरे आहे का?

प्रतिसाद १
दुसरे म्हणणे बरोबर नाही. आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२३ नुसार मागील वर्षांच्या शिल्लक नफ्यातून लाभांश देता येतो. राखीव निधीला (आधीच्या नफ्यातून बाजूला ठेवलेल्या रकमेला) हात लावायचा असेल तर अटी कडक आहेत: लाभांशाचा दर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्त नसावा, आणि काढलेल्या रकमेतून आधी चालू वर्षाचा तोटा भरून काढावा लागतो.

प्रतिसाद २
पहिल्या प्रश्नासाठी तोट्याचा आकडा बाजूला ठेवून रोकड पाहावी, कारण २०२४ च्या तोट्याचा मोठा भाग मालमत्तेचे पुस्तकी मूल्य घटवल्यामुळे आला होता आणि त्यात पैसा बाहेर गेला नव्हता. लाभांश अजून कमी झाला नव्हता त्या २०२२ मध्ये इंटेलला व्यवसायातून सुमारे १५.४ अब्ज डॉलर रोकड मिळाली, आणि ती संशोधनावरचे १७.५ अब्ज वजा झाल्यानंतरची होती. कारखाने व यंत्रसामग्रीवर मात्र सुमारे २५ अब्ज गेले आणि त्यावर ६ अब्जांचा लाभांश वाटला. म्हणजे लाभांशाशी खरी स्पर्धा कारखान्यांची होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिमाही लाभांश ३६.५ सेंटवरून १२.५ सेंटवर आणला गेला; माझ्या मते हे पाऊल निदान वर्षभर आधी उचलायला हवे होते, कारण अपुऱ्या रोकडीतून दिलेला लाभांश शेवटी कर्जाच्या किंवा बाहेरून पैसा घालणाऱ्या भागीदारांच्या पैशांवरच उभा असतो.

प्रतिसाद ३
वरील मांडणी पटते, पण संशोधनालाही झळ बसली हे नोंदवले पाहिजे: लाभांश स्थगितीच्या त्याच घोषणेत पंधरा टक्क्यांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे आणि संशोधनासह परिचालन खर्च (कंपनी चालवण्याचा नेहमीचा खर्च) घटवण्याचे ठरले होते.

भारतीय कंपन्यांशी तुलना करताना आणखी एक काळजी घ्यावी. अमेरिकी पद्धतीत संशोधन व विकासाचा जवळजवळ सर्व खर्च त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो, तर भारतीय लेखामानकांनुसार ठरावीक निकष पूर्ण करणारा विकासखर्च मालमत्ता म्हणून ताळेबंदात जातो. टाटा मोटर्ससारख्या कंपनीत ही रक्कम मोठी असते. म्हणून नफा-तोटा पत्रकाबरोबर रोख प्रवाह पत्रकातील गुंतवणुकीचा भागही वाचावा. तिथे हा खर्च दिसतो.