‘नत्रीकरण मंदावते’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या मुलांसाठी खाडीवर एक टिपण लिहितेय. ‘चांदीच्या नॅनोकणांमुळे गाळातले नत्रीकरण मंदावते’ हे वाक्य वाचून शेती करणारे मामा म्हणाले, ‘म्हणजे नत्र कमी पडणार?’ शब्द बदलू का? आणि गाळ लिहू की अवसाद?

उत्तर : ताई, मामांचे काही चुकलेले नाही. नत्र, स्फुरद, पालाश रोज तोंडी असलेल्या माणसाला नत्रीकरण म्हणजे नत्र घालणेच वाटणार. इथे अर्थ वेगळा आहे. जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते नत्रीकरण. नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो, ते विनत्रीकरण. पहिल्याला प्राणवायू लागतो, दुसरे प्राणवायू नसेल तिथे चालते.

ओहोटीला मानशीजवळचा (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळचा) गाळ फावड्याने कापून बघा. वर तपकिरी पातळ थर, खाली काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. नत्रीकरण त्या वरच्या थरात होते. नॅनोकणांतून सुटणारे चांदीचे आयन अमोनिया वापरणाऱ्या जिवाणूंचे विकर (एन्झाइम) बंद पाडतात आणि हे जिवाणू फार नाजूक. नत्रीकरण अडले की नत्र संपत नाही, अमोनिया साचतो, आणि तो माशांना बाधतो. पुढे नायट्रेटच तयार झाले नाही तर विनत्रीकरणालाही कच्चा माल उरत नाही. म्हणून शब्द ठेवा, पण ‘अमोनियाचे नायट्रेट होणे, म्हणजे नत्रीकरण’ असे एकदा फोडून लिहा. मामांची शंका तिथेच फिटेल.

अवसाद नको. मराठीत तो मनाच्या खचण्यालाही वापरतात, आणि खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) उतरणारा कोणीही गाळच म्हणतो. नॅनोकण चालेल. अब्जांश कण हा शब्द चांगला आहे, एका मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर हे त्यातच कळते. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात, एवढे कंसात द्या.

प्रश्न : मग ‘चांदी गाळाला विषारी’ असे म्हणू?

उत्तर : सरसकट नको. वास येणाऱ्या त्या काळ्या थरात सल्फाइड असते. त्याच्याशी जुळून चांदीचे सिल्व्हर सल्फाइड होते, ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून धार बरीच बोथट होते. सांडपाण्यातून येणारी चांदीही बहुतेक वाटेतच अशी बदललेली असते. ‘किती चांदी, कोणत्या रूपात, कोणत्या थरात यावर परिणाम ठरतो’ असे लिहा. वाक्य लांबेल, लांबू दे.