बांध कोरणाऱ्याला माफ करायचं म्हणजे नेमकं काय?

बांधावरचा
आमचा आणि चुलतभावाचा बांध सामाईक. दर उन्हाळ्यात नांगरटीला त्याचा ट्रॅक्टर नांगराचं एक तास आमच्याकडे सरकायचा. आधी बांधावरून बैलगाडी जायची, मग पायवाट उरली, मग नुसतं गवत. नऊ वर्षं बोलणं बंद. त्याच्या मुलीच्या लग्नालाही मी गेलो नाही, आहेर बायकोच्या हाती पाठवला.

गेल्या वर्षी सरकारी मोजणी आणली. भावाने आमचे पावणेदोन गुंठे खाल्ले होते हे निघालंच. पण पलीकडे ज्या म्हातारीचं शेत आहे, तिच्यात आम्ही गुंठाभर आत होतो. ट्रॅक्टरवाल्याला "जरा कडेनं घे रे" म्हणणारा मीच. मोजणीदाराने खूण दाखवली तेव्हा भाऊ शेजारीच उभा होता. हसला नाही, काही बोलला नाही, खाली बघत राहिला. त्याचं ते खाली बघणं मला जास्त लागलं.

कार्तिकीला आळंदीत कीर्तनात ताटीचे अभंग लागले. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले आणि धाकट्या मुक्ताईने बाहेरून समजूत काढली, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. त्यातली एक ओळ या वेळी वेगळी ऐकू आली: "जीभ दांतांनी चाविली, कोणें बत्तिशी तोडिली". दात माझेच आणि जीभही माझीच. चोर मी आणि ज्याचं चोरीला गेलं तोही मीच, हे कळलं तेव्हा भावावरचा राग धरायला हातच उरला नाही. परत येताना त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आलो.

माझं म्हणणं एवढंच, की समोरच्याचं मोठेपण किंवा आपलं मोठेपण यातून क्षमा येत नाही. आपल्यातला खळ दिसला की ती होऊन जाते. पटतं का?

पोथीवाला
अनुभव खरा आहे, निष्कर्ष घाईचा. पसायदानात "जे खळांची व्यंकटी सांडो" असं मागणं आहे. खळाचा वाकडेपणा जाऊ दे, त्याला सत्कर्माची गोडी लागू दे, मग "मैत्र जीवाचें". क्रम बघा. वाकडेपणा तसाच ठेवून चहा प्यायला कुणी सांगितलेलं नाही. विसोबा चाटीची परंपरेतली कथाही तशीच. ज्ञानदेव-मुक्ताई या भावंडांना त्याने छळलं, पण पुढे तोच वाकला, शरण आला, आणि विसोबा खेचर म्हणून नामदेवांचा गुरू झाला. आधी विसोबा वाकला.

आणि "आपल्यातला खळ" वगैरे हल्ली फार ऐकू येतं. आपली काळी बाजू जवळ घ्या, तिच्याशी मैत्री करा! गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी आणि आसुरी संपत्ती वेगळी काढून दाखवली आहे ती आसुरी टाकण्यासाठी. तुकोबा "रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग, अंतर्बाह्य जग आणि मन" म्हणतात. मनाशी युद्ध म्हणतात, गळाभेट नाही.

बांधावरचा
युद्ध करायलाही समोर कोण आहे ते दिसावं लागतं. नऊ वर्षं मला वाटत होतं की शत्रू बांधाच्या पलीकडे आहे. जवळ घ्या असं मी म्हणत नाही, ओळखा म्हणतोय.

सासुरवाशीण
दादा, तुमचा बांध बरोबरीतल्या दोघांमधला आहे. माझी गोष्ट ऐका.

आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी हक्कसोडपत्र पुढे ठेवलं. "अक्का, तू मोठ्या मनाची." महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती झाली, हे मला माहीत होतं. मी शिकलेली आहे. तरी सही केली. नंतर गावात सगळे म्हणाले, अक्काने किती सहज माफ केलं.

माफबिफ काही नव्हतं. सही नाही केली तर दिवाळीची साडीचोळी बंद, माहेरचा उंबरा बंद, हे मला दिसत होतं. त्या भीतीला मी क्षमा असं नाव दिलं आणि बारा वर्षं वारी करत ते नाव जपलं. तुमच्यात चोर निघाला, माझ्यात भित्री बाई निघाली. तुम्हाला तुमचा चोर दिसला आणि राग गेला. मला माझी भित्री दिसली आणि राग पहिल्यांदा आला. तुमच्या हिशेबाने ही अधोगती समजायची का?

आणखी एक. माफ करायचा आग्रह नेहमी लहानाला, बाईला, सुनेलाच का होतो? भावांना कुणी म्हणालं नाही की मोठ्या मनाने हिस्सा द्या.

गवतीचहा
आमच्या सोसायटीत संवत्सरीला, म्हणजे जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, सकाळी सातच्या आत पन्नास जणांचं "मिच्छामि दुक्कडम्" फुलांच्या चित्रासकट मोबाईलवर येऊन पडतं. ज्या गृहस्थाने माझी पार्किंगची जागा बळकावली त्याचंही येतं. गाडी तिथेच असते. (मूळ प्रथेला नावं ठेवत नाही. त्या दिवशी तोंडावर येऊन हात जोडणारे शेजारीही पाहिलेत, ते सोपं नसतं.)

पोथीवाला
अक्का, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पोथीतलं उत्तर आहे आणि ते तुमच्या बाजूचं आहे. "दया तिचे नाव भूतांचे पाळण, आणिक निर्दळण कंटकांचे". तुकोबांनी दया आणि निर्दळण एकाच दमात सांगितलंय. तुमचा राग अधोगती नाही. वकील गाठा.

सासुरवाशीण
वकील गाठला होता. मग परत आले. कारण भाऊ आजारी पडला आणि मला त्याची काळजी वाटली. खरीखुरी वाटली, दाखवायची नव्हती. त्याच्यासाठी डबा नेताना रस्ताभर मनात त्याला शिव्या घालत होते. डब्यात मात्र त्याच्या आवडीचं वांग्याचं भरीत. सांगा आता, यातली खरी मी कोणती?

बांधावरचा
दोन्ही, असं मला वाटतं. आणि माझं पहिलं म्हणणं मी थोडं मागे घेतो. आपल्यातला खळ दिसला की क्षमा होते, हे ज्याने बांध कोरलाय त्याला लागू. ज्याचा कोरला गेलाय त्याला आधी आपला राग दिसायला हवा. मुक्ताईसुद्धा "त्यांना माफ कर" एवढ्यावर थांबत नाही, "ताटी उघडा" म्हणते. दार उघडलं म्हणजे सातबारा सोडला असं नाही.

पोथीवाला
हे मान्य. पण मग नुसतं "क्षमा होऊन जाते" म्हणू नका. ती करावी लागते आणि तिच्यासोबत हिशेबही करावा लागतो.

सासुरवाशीण
हिशेबावरून आठवलं. दादा, भावाकडे चहा पिऊन आलात, ताटीचे अभंग ऐकलेत, सगळं झालं. त्या म्हातारीचा गुंठा परत दिलात का?

बांधावरचा
अजून नाही. त्यात आमचं सोयाबीन उभं आहे. काढलं की देणार.

सासुरवाशीण
कार्तिकी होऊन गेली म्हणता, आणि सोयाबीन अजून उभं?

गवतीचहा
😀

बांधावरचा
हरभरा आहे. सोयाबीन काढून हरभरा पेरला. उद्या जातो तिच्याकडे.