शिंगात शेण पुरून पिकवलेली वाईन: शेती की श्रद्धा?

म्युनिकची सई

गेल्या इस्टरला ब्रेनर घाट उतरून दक्षिण तिरोलमध्ये गेलो होतो. देश इटली, पण घराघरांत जर्मन, कारण पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. बोल्झानोच्या दक्षिणेला माग्रे नावाचं छोटं गाव आहे. पाठीशी उभा कडा, समोर अदिजे नदीचं खोरं, आणि एका घराच्या भिंतीवर १६०१ साली लावलेला द्राक्षाचा वेल, अजून जिवंत.

याच गावात आलोइस लागेडर ही वायनरी आहे. १८२३ पासून एकाच कुटुंबाकडे, सध्या सहावी पिढी. त्यांचे स्वतःचे मळे बायोडायनॅमिक आहेत, डिमीटर या बायोडायनॅमिक शेतीच्या संस्थेचं प्रमाणपत्र असलेले.

हा प्रकार माहीत नसलेल्यांसाठी: १९२४ मध्ये ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ श्टायनरने कोबरविट्झला (आता पोलंडमध्ये) शेतीवर आठ व्याख्यानं दिली, त्यातून ही पद्धत निघाली. गाईच्या शिंगात शेण भरायचं, हिवाळाभर जमिनीत पुरायचं, वसंतात उकरून काढायचं. मग हेक्टरी साधारण १०० ग्रॅम घेऊन पाण्यात तासभर ढवळायचं, एकदा उजवा भोवरा, एकदा डावा, आणि संध्याकाळी मातीवर शिंपडायचं. हे ५०० नंबरचं द्रावण. ५०१ मध्ये शेणाच्या जागी गारगोटीची पूड, आणि ती शिंगं उन्हाळाभर पुरायची. वर पुन्हा चंद्र कुठल्या राशीत आहे ते बघून कामं.

मी नाक मुरडतच गेले होते. पण बाग बघून गप्प झाले. ओळींच्या मधे गुडघाभर हिरवळ. हिवाळ्यात डोंगरावरच्या शेतकऱ्यांची गुरं इथे चरायला उतरतात, त्यांना चारा आणि बागेला शेण. माझं मत असं झालंय की शिंगाचा गुण येवो न येवो, जो माणूस तासभर बादली ढवळून मग एकेका ओळीतून शिंपडत जातो, त्याला बागेचं दुखणं इतरांच्या आधी दिसतं. तुम्हाला काय वाटतं?

शंकेखोर

मग बाटलीवर "आम्ही बाग नीट बघतो" एवढंच लिहा की! शिंग कशाला?

सई, हा युक्तिवाद मी उपासतापासांच्या बाबतीतही ऐकलाय: देव असो नसो, शिस्त लागते. शिस्तीबद्दल तक्रार नाही. पण विकली जाते ती शिस्त नाही, विकलं जातं ते गूढ. जर्मनीतल्या गाइझेनहाइमच्या वाईन विद्यापीठात २००६ पासून रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाच्या बागेत तुलना चालू आहे. रासायनिक बागेत वाढ आणि उत्पन्न जास्त, हे दिसलं. पण नुसती सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक यांच्या वाढीत आणि उत्पन्नात म्हणावा असा फरक निघाला नाही. म्हणजे फायदा असेल तो रसायनं सोडण्याचा. शिंगाच्या वाट्याला काय उरलं?

चंद्राचं तर विचारूच नका. मारिया थून या जर्मन बाईंनी चंद्राच्या राशींवरून बनवलेल्या पंचांगाप्रमाणे "फळाच्या दिवशी" वाईन चांगली लागते आणि "मुळाच्या दिवशी" फिकी, असं म्हणतात. न्यूझीलंडमध्ये १९ जाणकारांना १२ पिनो न्वार (लाल वाईन) दोन्ही प्रकारच्या दिवशी, नाव न सांगता चाखायला दिल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आला. चंद्राचा काडीचा संबंध आढळला नाही.

झुरिककर

शंकेखोर, अर्धंच सांगितलंत. इथे बाझेलजवळ तेरविलला १९७८ पासून डीओके नावाचा प्रयोग चालू आहे: बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारी शेजारी. २१ वर्षांचा हिशेब २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. रासायनिकपेक्षा बाकी दोन्हींत पीक २० टक्के कमी, पण कीटकनाशकं ९७ टक्के कमी, आणि मातीतले जिवाणू बायोडायनॅमिक तुकड्यात सगळ्यांत जोमदार.

शंकेखोर

तो प्रयोग गहू-बटाट्याचा, द्राक्षाचा नाही. आणि त्या तुकड्याला कुजवून कंपोस्ट केलेलं शेणखत मिळत होतं. गुण कंपोस्टचा की शिंगाचा, हे त्यातून कसं ठरवणार?

झुरिककर

हे मान्य. कंपोस्टचाच असावा. पण बायोडायनॅमिक शेतकरी कंपोस्टकडे वळला तो श्टायनरमुळे, हेही तितकंच खरं.

पिंपळगावकर

आमची साडेचार एकर बाग आहे, मांडवावर. सईताई, तिरोलमध्येही जुन्या बागा मांडवावरच आहेत ना? फोटोत लाकडी मांडव बघून घरच्यासारखं वाटलं.

तुमचं शिंग, चंद्र सगळं बाजूला ठेवतो. मला एकच सांगा, केवड्याला, म्हणजे त्या बुरशीच्या रोगाला, काय मारतात? ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस लागला की केवडा तिथी बघत नाही. कोवळ्या घडावर आला की वर्ष गेलं. सेंद्रियवाल्यांकडे त्यावर मुख्य औषध म्हणजे बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबं. तांबं पावसाने विरून जात नाही, मातीत साठतं. गांडुळांना ते सोसत नाही. एकीकडे "जिवंत माती" म्हणायचं आणि दुसरीकडे तिच्यात धातू ओतायचा, हे कसं जमतं?

माझे चुलते गोमूत्र-गूळ-बेसनाचं जीवामृत करतात. जमीन भुसभुशीत झालीय, नाकारत नाही. पण केवड्याच्या वर्षी तेही गुपचूप दुकानात जातात. (त्यांना हे दाखवू नका.)

म्युनिकची सई

पिंपळगावकर, या धाग्यावरचा सगळ्यांत नेमका प्रश्न तुमचा. हो, तेही तांबंच वापरतात. युरोपात सेंद्रियला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे, म्हणजे सरासरी वर्षाला ४. डिमीटरची त्याहून कडक, सरासरी ३ किलो. शून्य नाहीच. बुरशीला दाद न देणाऱ्या संकरित जातीही आहेत, सोलारिस, ब्रोनर वगैरे, पण ती नावं वाचून किती जण बाटली उचलतील? आणि त्यांना वाऱ्याची मदत आहे, हे मला आधी लिहायला हवं होतं. दुपारी गार्डा सरोवराकडून 'ओरा' नावाचा वारा सुटतो आणि पानं वाळवून जातो. निम्मं औषध तिथे वाराच मारतो.

वसुधा काळे

सगळे शिंगात अडकलेत. मला "कुटुंबाची वायनरी" यावर बोलायचंय.

दक्षिण तिरोलमध्ये सर्वसाधारण द्राक्ष शेतकऱ्याकडे जेमतेम हेक्टरभर बाग असते, आणि तिथली बहुतेक वाईन सहकारी संस्थांत बनते. आपल्या साखर कारखान्यांसारखं: माल नेऊन घाला, पैसे घ्या. अशा शेतकऱ्याने बादली ढवळली तरी त्याची द्राक्षं शेजाऱ्याच्या द्राक्षांत मिसळणार. त्याला शिंगाचे जादा पैसे कोण देणार? प्रयोग परवडतात ते स्वतःचं नाव बाटलीवर छापू शकणाऱ्या घराण्याला. लागेडरही स्वतःच्या मळ्यांखेरीज आसपासच्या शेतकऱ्यांकडून द्राक्षं घेतात, आणि त्यांनाही या वाटेवर आणायचा प्रयत्न करतात. ते मला शिंगापेक्षा मोलाचं वाटतं.

तिथली शेती पिढ्यानपिढ्या एका घरात टिकण्यामागे तिथला 'बंद वाड्या'चा कायदाही आहे. नोंदलेली शेती अखंड एकाच वारसाला जाते. बाकीच्या भावंडांना बाजारभावाने नव्हे, जमिनीच्या उत्पन्नाच्या हिशेबाने पैसे मिळतात. आमच्या आजोबांची बावीस एकर आज अकरा जणांच्या सातबाऱ्यावर आहे, त्यामुळे मला हेवा वाटला. मग आठवलं की त्या अकरांत मीही आहे, आणि तिरोलमध्ये असते तर हाती धुपाटणंच आलं असतं.

शंकेखोर

वसुधाताईंशी शंभर टक्के सहमत. पण म्हणूनच शिंग जास्त खटकतं. सहकारी संस्थेतला शेतकरी उद्या नुसतं तणनाशक सोडून गुरं चारायला लागला, तर त्याला कुठला शिक्का मिळणार?

झुरिककर

अवांतर: इतकी शिंगं येतात कुठून? डिमीटरच्या गोठ्यात गाईची शिंगं काढायला बंदी आहे. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाई मात्र बोडक्याच. २०१८ मध्ये इथे देशभर मतदान झालं, शिंगं राखणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान द्यावं का यावर. सुमारे ५५ टक्के लोक नको म्हणाले.

पिंपळगावकर

आमच्या गोठ्यात दोन खिल्लार आहेत. शिंगं हातभर. भाव सांगा.